आर्लोची अ‍ॅक्शन

डॉयल हॉकने आपल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बंदुकीची नवी कोरी अ‍ॅक्शन ठेवली आणि नेडीन टॉर्गरसनकडे असं पाहिलं की आता हिने नाही म्हणूच नये.

"हातात तरी घे," तो म्हणाला. "एकेक भाग मोजून मापून घडवलाय. बोल्ट बघ कसा लोण्यासारखा सरकतो. तुझं ते कारखान्याचं लोखंड घाल आता भंगारात."

"ते लोखंड आर्लोचं आहे."

"आर्लो असता तर त्यानेच फेकलं असतं!"

नेडीनच्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालणारे लोक तिला मुळीच खपत नसत. आर्लो तिचा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी गेला. एल्क हरणाच्या शिकारीसाठी म्हणून त्याने ही बंदूक हार्डवेअरच्या दुकानातून घेतली होती. पुढे तिचा दस्ता दोनदा बदलला, नळी चारदा बदलली. गोळी आत ढकलणारा बोल्ट ज्यात सरकतो ते मधलं पोलादी घर, म्हणजे अ‍ॅक्शन, तेवढं पहिल्या दिवसापासूनचं. नंबर त्याच्यावरच असतो. मोंटानात काय आणि साऱ्या देशात काय, कायदा त्या घरालाच बंदूक म्हणतो, बाकी सगळं सुटं सामान. अ‍ॅक्शन बदलली की नवा फॉर्म, नवा नंबर, आणि आर्लोची बंदूक संपली.

पण बंदूक बिघडली होती, हे नेडीनला नाकारता येत नव्हतं. जानेवारीत डॉयलने तिला नवी नळी बसवून दिली. वर, आर्लोची आठवण म्हणून, अ‍ॅक्शन लेथवर चढवून आतून सरळ कापूनही दिली. कारखान्याचं काम ओबडधोबड असतं, ते असं कापून सुधारतात. डॉयलने त्याचा एक पैसाही घेतला नाही. आणि त्यानंतर सगळा विचका झाला. हजार यार्डांवरच्या निशाणावर पूर्वी पाच गोळ्या ताटलीएवढ्या जागेत बसायच्या, त्या आता परातीतही मावेनात.

"तुझे डोळे गेले, नेडीन," डॉयलने तेव्हा सांगितलं होतं. "साठी आली की जवळ. व्हायचंच."

या लांब पल्ल्याच्या नेमबाजांची एक खोड आहे, ती सांगताना माझंही डोकं फिरतं. डॉक्टर चुकेल, पाद्री चुकेल, पण हजार यार्डांवरचा निशाणाचा कागद चुकणार नाही, अशी यांची पक्की श्रद्धा. लुईसटाऊनच्या डोळ्यांच्या डॉक्टरने नेडीनला दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा नजर ठणठणीत म्हणून सांगितलं. तिने त्याला वेड्यात काढलं. कागदावर भोकं दिसत होती ना!

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण नेडीन सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होती. जिची नजर गेली तिने चाळीस पोरांना बर्फातून न्यायचं कसं, या विचाराने तिला झोप येईना. मे महिन्यात ती आपणहून शाळेच्या बसगाड्यांचा कारभार बघणाऱ्या लिंडक्विस्ट बाईंच्या ऑफिसात गेली आणि बसची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून आली. कुणी मागितली नव्हती. तेव्हापासून ती त्याच बसगाड्या शेडमध्ये धुते.

डॉयलला "उद्या सांगते" म्हणून ती निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये मेकॅनिक गार्नेट एका बसच्या मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर उघडून बसली होती. दातांना निळा रंग फासायचा, गिअर फिरवायचे, आणि रंग कुठे पुसला गेला ते बघायचं. जिथे पुसला तिथे दात घासतो. नेडीन बादली हातात धरून बघतच राहिली.

"गार्नेट, ती निळ्या रंगाची ट्यूब दे गं जरा."

"कशाला? नखं रंगवतेस?"

"दे म्हटलं ना."

जेवणाच्या सुट्टीत तिने घरी जाऊन बंदूक उघडली. बोल्टच्या टोकाला दोन कान असतात. गोळी सुटताना सगळा धक्का त्या दोघांनी सारखा झेलायचा असतो. तिने दोन्ही कानांना मागून रंग लावला आणि बोल्ट मागे ओढून धरत वीस वेळा उघडबंद केला. एक कान चकचकीत पुसला गेला. दुसरा निळाच्या निळा. त्याला कशाचा स्पर्शसुद्धा झाला नव्हता.

अ‍ॅक्शन वाकडी कापली गेली होती.

तिने बोल्ट खिशात टाकला आणि डॉयलच्या काउंटरवर आणून आपटला. डॉयलने तो उचललासुद्धा नाही. लांबूनच पाहिला आणि कॉफीचा कप खाली ठेवला.

"कटर सरकला," तो म्हणाला.

"कळलं कधी तुला?"

"त्याच दिवशी."

"मग माझे डोळे?"

"अगं, काहीतरी सांगायला नको का? चाळीस वर्षांचं नाव आहे माझं..."

"आणि हे नवं घे, नवं घे चाललं होतं ते?"

"ते बसलं असतं तर जुनं कुणी उघडून बघितलं नसतं," डॉयल पुटपुटला.

नेडीनला तो कप त्याच्या थोबाडावर फेकावासा वाटला. "हरामखोरा, मी माझी बस सोडली! तुला माहीत होतं. तू मला केक आणून दिलास त्या दिवशी!"

डॉयलने कप उचलून काउंटरखाली ठेवला.

"कुलूप लाव दुकानाला आणि माझ्या गाडीत बस."

लिंडक्विस्ट बाईंसमोर डॉयलने टोपी हातात धरून सगळं सांगितलं. तो अडखळला की नेडीन म्हणायची, "पुढे बोल." बाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. नेडीनचा मार्ग ऑगस्टमध्ये टेस नावाच्या नव्या ड्रायव्हर बाईला दिला होता. ती दोन लहान मुलांना घेऊन ग्रेट फॉल्सहून याच नोकरीसाठी आली होती.

"तिला हलवायचं नाही," नेडीनच म्हणाली. "जागा निघाली तर मला सांगा."

परतताना गाडीत डॉयलने घसा खाकरला. "आर्लोच्या बंदुकीत अजून एक कट निघेल एवढं पोलाद आहे. दोन्ही कान बसतील. नवी नको घेऊस, मी जुनीच नीट करून देतो. फुकट."

"जुनीच राहणार. पण बिलिंग्जला जाईल. तिथला माणूस पैसे घेतो आणि खरं सांगतो."

तेवढ्यात समोरून पिवळी बस आली. इकडे समोरच्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरून बोट उचलून ओळख द्यायची रीत आहे. टेसने बोट उचललं, नेडीननेही उचललं. मागच्या खिडक्यांतल्या पोरांनी तिला ओळखलं आणि काचांवर हात आपटत, हलवत ओरडायला लागली. सवयीने डॉयलचाही हात वर गेला.

"तू नाही," नेडीन म्हणाली. "खाली घे तो हात."

त्याने घेतला.