सकाळच्या पहिल्या पाच मिनिटांतला वास

फोन आला तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. नागपुरात लकडगंजच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक गाडी रॅम्पवर चढलेली होती आणि तिचा मालक मला ब्रेकचा आवाज तोंडानं काढून दाखवत होता. पल्लवीचं नाव दिसलं म्हणून उचलला. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. धंतोलीच्या दवाखान्यात आम्ही ताईला चार दिवसांपूर्वी भरती केलं होतं, आदल्या संध्याकाळी ती उठून बसली होती, डॉक्टर घरी सोडायचं बोलत होते. मी "येतो" म्हणालो, फोन खिशात टाकला… आणि समोरच्या माणसाचं जॉब कार्ड पूर्ण लिहिलं. ब्रेक, पुढचा डावा, आवाज. सही घेतली. मगच निघालो. असं काहून केलं, हे मला आज दोन महिने होत आले तरी सांगता येत नाही. रात्री झोप लागते, पण पहाटे पाचला डोळा उघडतो आणि मग ते कार्ड आठवतं. त्याच्या मागोमाग दुसरी कार्डं आठवतात, ताईच्या गाडीची.

नलूताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमचं गाव उमरेडकडचं. शेतात माणसं कमी पडायची म्हणून बाबांनी तिला चौदाव्या वर्षीच ट्रॅक्टरवर बसवलं. गावातले म्हातारे हसायचे, बाबा म्हणायचे, "तिचा हात सरळ आहे, तुमच्या पोट्ट्याईचा नाही." तिचा हात सरळ होताच, पण खरं तिचं नाक होतं. डिझेलमध्ये भेसळ असली तर झाकण उघडताच ती सांगायची. आईचं दूध नासायच्या आधी तिला कळायचं. लग्न होऊन ती नागपुरात सक्करदऱ्याला आली, भाऊजी लवकर गेले, पल्लवी तेव्हा सहावीत होती. ताईनं कोणापुढं हात पसरला नाही. परवाना काढला, एक जुनी व्हॅन घेतली आणि शाळेच्या पोरांची ने-आण करू लागली. वीस वर्षं तिनं तेच केलं. पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून रोज भांडणं व्हायची म्हणून तिनं वारच वाटून दिले होते. सोमवार अमक्याचा, मंगळवार तमकीचा. जो त्या दिवशी रडत आला असेल त्याला मात्र वार नसला तरी पुढं जागा मिळायची, आणि त्यावर बाकीचे काही बोलत नसत.

दोन वर्षांपूर्वी तिनं नवी गाडी घेतली. पेट्रोलची टाकी आणि गॅसचा सिलिंडर दोन्ही कंपनीनंच बसवलेली व्हॅन. मीच सुचवली होती, आमचं वर्कशॉप याच कंपनीचं, मी तिथं सर्व्हिसच्या काउंटरवर, म्हटलं घरचंच काम आहे. ही गाडी सकाळी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापलं की आपोआप गॅसवर जाते. वर्षभर काही नाही. मग एका दिवशी ताई काउंटरवर येऊन उभी राहिली.

"विनोद, गाडीत पेट्रोलचा वास येते."

"कधी?"

"सकाळी चालू केल्यावर. पाचेक मिनिटं. मंग जाते."

मी म्हणालो, गॅसचा असेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला गावच्या अंगणात रागावणारी ताई आठवली. "मले गॅस अन् पेट्रोल वेगळं समजत नाही का गा?" गाडी आत घेतली. यंत्र लावून गॅसची गळती तपासली, नव्हती. दोन चकरा मारल्या, वास नव्हता. मी कार्डावर लिहिलं, 'दोष आढळला नाही.' पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. म्हणाली, सकाळची पाच मिनिटं सोडली तर गाडी गॅसवरच चालते, तरी पेट्रोलचा काटा भरभर खाली जाते, हे पेट्रोल जाते कुठं? पुन्हा तपासणी, पुन्हा 'दोष आढळला नाही.' तिसऱ्यांदा आली तेव्हा वर्कशॉपच्या पोरांपैकी कोणीतरी मागून हुंगल्यासारखा आवाज काढला आणि सगळे हसले. मीही हसलो. ती माझी बहीण आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून जरा जास्तच हसलो असेन. ती पोरांना शाळेत सोडून अकराला यायची. तोवर गाडी तापलेली, गॅसवर गेलेली. जे फक्त थंड गाडीत पाच मिनिटं घडतं, ते आम्ही तापलेल्या गाडीत शोधत होतो. एवढी साधी गोष्ट, पंचवीस वर्षं गाड्या पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यात आली नाही. की येऊ दिली नाही… ते आता कोण ठरवणार?

तिसऱ्या कार्डानंतर ताईनं गाडी घरासमोर उभी केली आणि सगळ्या आईबापांना फोन करून सांगितलं, गाडी दुरुस्त होईपर्यंत लेकरं आणणार नाही. मला पल्लवीकडून कळलं. मी रागावून फोन केला, "ताई, धंदा बंद करून बसली का तू? एका वासापायी?" ती म्हणाली, "उद्या सकाळी सहाले ये. तू येईपर्यंत मी गाडीले हात नाही लावत."

गेलो. सक्करदऱ्याच्या तलावाकडून थंड वारा येत होता, गाडीच्या काचेवर दव होतं. ताईनं जुनं पोतं खाली अंथरून ठेवलं होतं. म्हणाली, "झोप खाली." मी झोपलो. तिनं गाडी सुरू केली. मिनिटभर काही नाही. मग वास आला, स्पष्ट पेट्रोलचा, आणि मी टॉर्च मारला तर सिलिंडरला आवळणाऱ्या लोखंडी पट्टीच्या कडेला पेट्रोलची नळी घासून घासून चमकत होती, आणि त्या चमकणाऱ्या जागेवर एक थेंब जमत होता. पडला. दुसरा जमू लागला. वर बरोबर मागची सीट, जिथं पोरं बसतात. चार मिनिटांनी गाडी गॅसवर गेली, पेट्रोलचा पंप थांबला आणि थेंबही थांबला. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या बाहीवर डाग होता. ताईनं डागाकडे पाहिलं. तिनं चहा केला.

त्याच दिवशी गाडी वर्कशॉपला नेली. मॅनेजर साहेबांना खाली वाकवून दाखवलं. त्यांनी घासलेल्या जागेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "नळी बदलून दे, पट्टीला रबर लाव. कार्डावर लिही, नियमित देखभालीत नळी बदलली." मी म्हणालो, साहेब, हे पट्टीच्या जागेमुळं आहे, सगळ्या गाड्यांत असू शकतं. ते म्हणाले, "ते बघायला वरचे लोक आहेत. आपण कायले ओढवून घ्यायचं?" मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं.

चहा मागवला, ताईनं बाकावर बसून कार्ड वाचलं. दोनदा वाचलं. "यात थेंब कुठं आहे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, तुझी गाडी झाली ना ठीक, आता काय? मग तिनं सांगितलं. तिनं गाडी बंद ठेवली त्या आठवड्यात आईबापांनी पोरांना दुसऱ्या व्हॅनमध्ये घातलं होतं. तीही अशीच व्हॅन, याच कंपनीची. "माहे लेकरं त्याच्यात बसून राहिले, विनोद. अन् त्या ड्रायव्हरले मी सांगाले गेली तर तो म्हणते, ताई, गिऱ्हाईक पळवले म्हणून जळता का? तू जे पाहिलं ते लिहून दे मले. माहं कोणी ऐकत नाही, वर्कशॉपवाल्याचं ऐकतीन."

मी दिलं नाही. म्हणालो, माझी नोकरी आहे. म्हणालो, पुढं बघू. ती उठली, चहाचा कप तसाच राहिला. पुढचे पाच महिने आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो.

त्या पाच महिन्यांत तिनं काय केलं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. गॅस पंपावर व्हॅन आणि ऑटोंची लांब रांग असते, तासन्तास थांबावं लागतं. ताई त्या रांगेत उन्हात फिरायची. तसली व्हॅन दिसली की ड्रायव्हरला विचारायची, सकाळी वास येते का, काटा खाली जाते का. काही हसले, काहींनी हाकललं, काहींनी विचार करून म्हटलं, हो, येते. त्यांची नावं आणि गाडीचे नंबर तिनं लिहून घेतले. पोरं नेणाऱ्या त्या ड्रायव्हरला शेवटी तिनं आपलं पोतं नेऊन गाडीखाली झोपायला लावलं. थेंब पाहिल्यावर तो घाबरून त्याच दिवशी आमच्याकडे आला. त्याच्याही कार्डावर मीच लिहिलं, 'नियमित देखभालीत नळी बदलली.' दुसऱ्यांदा लिहिताना हात अडखळला नाही. मला आज सगळ्यात जास्त त्याचंच भय वाटतं.

ताईनं परिवहन कार्यालयात तक्रार दिली, नऊ ड्रायव्हरांच्या सह्यांनिशी. खेटे घातले. आधी कंपनीचं पत्र आणा म्हणाले, मग वर्कशॉपचं. वर्कशॉपचं म्हणजे माझं. पण ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. मग छातीत कळ आली आणि पल्लवीनं तिला धंतोलीला आणलं.

मरणाच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो होतो. ती उशीला टेकून बसली होती, आवाज बारीक झाला होता. मी म्हणालो, "ताई, मी परिवहन कार्यालयात जाऊन सांगतो. सगळं सांगतो."

"तोंडी सांगून काय होते गा," ती म्हणाली. "लिहून दे."

"देतो."

"कधी?"

मी म्हणालो, तू घरी आल्यावर. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, थकली.

तेरवी झाली आणि चार दिवसांनी परिवहन कार्यालयाचं पत्र आलं, सुनावणीला हजर राहा म्हणून. पल्लवी आणि मी गेलो. तिथले अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "तक्रारदार मयत आहेत. फाईल बंद करावी लागेल." पल्लवी माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती वाट पाहणं होतं, आणि ते सहन होईना. मी विचारलं, दुसऱ्या कोणाची तक्रार घेता येईल का? ते म्हणाले, ज्यानं दोष स्वतः पाहिला असेल त्याची. मी कागद मागितला. तिथंच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, लिहायला बसलो. सकाळी सहा वाजता, थंड गाडी, पेट्रोलवर, पट्टीच्या कडेला, थेंब. कार्डावर खोटं कसं लिहिलं, कितीदा लिहिलं, तेही लिहिलं. दोन पानं झाली. शेवटी अधिकाऱ्यांनी विचारलं, "मयत तुमच्या कोण?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आणि तुम्ही त्याच वर्कशॉपला आहात?" मी म्हणालो, "आहे. उद्या राहीन की नाही, माहीत नाही."

राहिलो. काउंटरवरून काढून मागच्या यार्डात टाकलं. मॅनेजर साहेब बोलत नाहीत. कंपनीनं सध्या नागपुरातल्या तसल्या व्हॅन तपासून द्यायचं कबूल केलंय, बाकी ठिकाणचं विचाराधीन आहे. विचाराधीन म्हणजे काय ते मला माहीत आहे, म्हणून चैन पडत नाही. इथं सांगावंसं वाटतं, कोणाकडे अशी गाडी असेल तर सकाळी थंड असताना एकदा खाली वाकून पाहा. नाक तुमचं, गाडी तुमची, पण मागं लेकरं बसतात.

तपासणीच्या गाड्या आदल्या दिवशी आणून ठेवायच्या, असं मी हट्टानं ठरवून घेतलं. पहिल्या सकाळी यार्डात सहा व्हॅन उभ्या होत्या. पहिलीचा ड्रायव्हर हात चोळत उभा होता. म्हणाला, "हे कोणी शोधून काढलं गा भाऊ? कंपनीनं?"

"माह्या बहिणीनं."

त्यानं हात चोळणं थांबवलं. "गॅसच्या लाइनीत फिरे, त्या ताई? त्याईले मी लय हसलो होतो… कशा आहेत त्या?"

मी सांगितलं. त्यानं टोपी काढली, काय करावं ते न सुचून पुन्हा घातली.

"मी बी हसलो होतो," मी म्हणालो. "गाडी चालू कर."

त्यानं किल्ली फिरवली, आणि मी खाली झोपलो.