भिलाई नावाची तीन स्टेशनं

माझी मावशी तुमसरची. पाचवीपर्यंत शिकलेली, पण वाचण्याचा नाद असा की पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचल्याशिवाय टाकायची नाही. त्या वर्षी ती आमच्याकडे छत्तीसगडात, भिलाईच्या हुडको वसाहतीत राहायला यायची होती, नागपूरकडून येणाऱ्या, सगळीकडे थांबणाऱ्या पॅसेंजरने. मी तिला फोनवर सांगितलं होतं, "दुर्ग गेलं का लगेच भिलाई नगर येते. तिथी उतर."

मी आणि माझी नणंद भिलाई नगरच्या फलाटावर उभ्या होतो. गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. मावशी नाही. फोन लावला तर म्हणाली, "येऊन राहिली नं, थांब. अजून भिलाई नाही आलं."

थोड्या वेळाने तिचाच फोन. "मी उतरली. तुमी कुठी हा?"

"आमी भिलाईले उभ्या हावो, मावशी."

"मीबी भिलाईलेच उभी हावो. पाटीवर लिहून हाये, भिलाई. पण इथी त मालगाड्याच मालगाड्या हायेत. माणूस दिसत नाही."

नणंदेने कपाळावर हात मारला. मावशी मधलं पावर हाउस स्टेशनही ओलांडून पार मालगाड्यांच्या यार्डाजवळच्या स्टेशनवर उतरली होती. दुर्गहून रायपूरकडे निघालं की ओळीने आधी भिलाई नगर, मग भिलाई पावर हाउस, आणि मग नुसतं भिलाई. आम्ही इथे राहणारे कधी गोंधळत नाही. पण नवख्या माणसाला पाटीवर नुसतं "भिलाई" दिसलं की हेच ते असं वाटणारच.

स्कूटी घेऊन आम्ही दोघी तिकडे गेलो. मावशी लाखोरी डाळीच्या पिशवीवर बसून होती, अजिबात घाबरलेली नव्हती. उलट चिडलेली होती.

"तू म्हणाली भिलाई नगर. नगर म्हणजे गावच नं? मले वाटलं तू शहराचं नाव घेऊन राहिली. तरी मी शेजारच्या मास्तरीणबाईले मोबाईलवर पाहाले लावलं. त्यात भिलाई रेल्वे स्थानक असंच लिहून होतं, खाली फोटोबी होता."

घरी आल्यावर नणंदेने ते पान शोधून काढलं. ती दुर्गला मोहन नगरात राहते, बँकेत आहे, आणि कोणतीही गोष्ट मुळापर्यंत गेल्याशिवाय सोडत नाही. इंटरनेटवर मराठीत एक मोफत ज्ञानकोश आहे, कोणीही त्यात लिहू शकतो, त्यातलं ते पान होतं. मथळा "भिलाई रेल्वे स्थानक", फोटो पावर हाउसचा, आणि मजकुरात तिन्ही स्टेशनांच्या गोष्टी एकत्र कालवलेल्या. गाड्यांची नावं तर कशीही. एक गाडी तीन ठिकाणी तीन नावांनी.

"हे कोणी लिहिलं?" मावशीने विचारलं.

"कोणीही लिहू शकते," नणंद म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वहिनी, तू त भूगोल शिकवते. तू कावून नाही लिहत?"

मी भूगोल शिकवते हे खरं, पण हिंदीत. माझं सगळं शिक्षण हिंदी माध्यमातलं. मराठी म्हणजे घरात बोलायची भाषा, आईची, मावशीची. मराठीत मी लग्नपत्रिकेच्या पलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. "स्थानक" हा शब्द मी आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. आमच्यासाठी ते टेसन किंवा स्टेशन. तरी नणंदेने लॅपटॉप पुढ्यात ठेवला, आणि मी ते एक पान मोडून तीन पानं केली. प्रत्येक स्टेशनाचं वेगळं. कोणतं कशाजवळ आहे, कुठे कोणी उतरावं, तेवढं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही पानं गायब. जुनं पान परत आलं होतं आणि माझ्यासाठी एक निरोप होता. पुण्याच्या एका बाईंचा, ज्या रेल्वेची पानं सांभाळत. भाषा अतिशय नम्र होती. तिन्ही स्थानके एकाच शहरातील असल्याने एकच लेख पुरेसा आहे, संदर्भ दिलेले नाहीत, वाक्यरचना हिंदी वळणाची आहे, कृपया चर्चा पानावर मत मांडावे.

पहिल्या दोन गोष्टी मी वाचल्यासुद्धा नाहीत म्हटलं तरी चालेल. तिसरी लागली. नातेवाइकांत नागपूरला गेलं तरी हेच ऐकायचं, तुमची मराठी हिंदीसारखी. मी लॅपटॉप बंद केला आणि कणीक भिजवायला घेतली.

मावशीच्या ते लक्षात आलं. "तू जे लिहिलं होतं ते वाचून दाखव मले."

"आता नाही हाये ते तिथी."

"तुझ्यापाशी असन नं."

होतं. मी वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मले समजलं. हे अगोदर वाचलं असतं त मी तुमच्यापुढेच उतरली असती. त्या बाईले सांग, तुमसरच्या एका म्हातारीले समजलं."

मी तेच सांगितलं. चर्चा पानावर मावशीची सगळी हकीकत लिहिली, आहे त्या मराठीत. पुण्याच्या बाईंचं उत्तर संध्याकाळीच आलं. हकीकत वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. पण हकीकत हा संदर्भ होत नाही. नावं नेमकी काय आहेत, हे दाखवता येईल का?

"दाखवता येईल का म्हणजे?" नणंद उसळली. "रविवारी चाल माझ्यासोबत."

रविवारी सकाळी आम्ही दुर्गहून निघालो. नवऱ्याने विचारलं, रायपूरला काय काम आहे? नणंद म्हणाली, रायपूरला काहीच नाही, मधल्या स्टेशनांवर आहे. आमचा बेत साधा होता. प्रत्येक स्टेशनवर उतरायचं, नावाच्या पाटीचा फोटो काढायचा, पुढची गाडी धरायची. घरात सांगण्यासारखं कारण नसताना, मुलं, डबा, नातेवाईक काही सोबत न घेता मी आगगाडीत बसले, असं पहिल्यांदाच घडत होतं. भिलाई नगर झालं, पावर हाउस झालं. जिथे मावशी बसली होती तिथली पाटी नणंदेने चारही बाजूंनी टिपली. पुढच्या देवबलोदा चरोदा स्टेशनवर एका शिपायाने हटकलं.

"मैडम, क्या कर रही हैं? फोटो क्यों?"

"मौसी गलत स्टेशन पे उतर गई थी," नणंद म्हणाली.

"तो उनको ढूँढ रही हैं?"

"नहीं, वो घर पे हैं. दूसरों की मौसी के लिए कर रहे हैं."

तो बिचारा विचारात पडला. मग त्यानेच आम्हाला उन्हाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायला सांगितलं, तिथून पाटी स्वच्छ येत होती.

खरा प्रश्न गाड्यांचा होता. वेळापत्रकात एक नाव, डब्यावर दुसरं, लोकांच्या तोंडी तिसरं. कुम्हारीनंतर डब्यात भाजीच्या टोपल्या घेऊन बायका चढल्या. मी एकीला विचारलं, या गाडीला तुम्ही काय म्हणता?

"लोकल आय दीदी, अउ का कहिबो!" लोकलच, दुसरं काय म्हणणार, असं तिचं म्हणणं.

समोरचा चष्मेवाला म्हणाला, "मेमू है." दाराजवळच्याने दोघांनाही उडवून लावलं, "पैसेंजर बोलिए, पैसेंजर." डब्यात त्यावरून अशी चर्चा पेटली की सरोना कधी येऊन गेलं कळलं नाही, आणि तिथली पाटी आम्हाला परतताना टिपावी लागली. पण त्या गोंधळातच मला उत्तर सापडलं. त्यांच्यातलं कोणीच चूक नव्हतं. एकाला खरं ठरवून बाकीच्यांना खोडायची गरजच नव्हती.

घरी येऊन मी एक प्रस्ताव लिहिला. पानाचं नाव तेच ठेवावं जे स्टेशनच्या पाटीवर रंगवलं आहे. लोक ज्या दुसऱ्या नावांनी शोधतात ती सगळी नावं टाकावीत, पण ती त्याच पानावर आणून सोडणारी. गाड्या शहराच्या पानावर नकोत, मार्गाच्या पानावर हव्यात, म्हणजे एक गाडी एकदाच लिहिली जाईल. आणि सारख्या नावांची स्टेशनं असतील तिथे वर एक छोटं पान, कोणी कुठे उतरायचं ते सांगणारं. खाली सगळे फोटो आणि वेळापत्रकाचे दुवे.

पुण्याच्या बाईंनी लगेच होकार दिला नाही. बारीक बारीक प्रश्न विचारले. पाटी बदलली तर? पाटीवर हिंदीत "पावर हाउस" असेल तर मराठीत "पॉवर हाऊस" का लिहू नये? मी म्हटलं, दोन्ही लिहू, पण माणूस फलाटावर पाटीशी जुळवून पाहतो, म्हणून मथळा पाटीचाच. काही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती, ती त्यांनीच शोधली. आणखी दोघे-तिघे चर्चेत आले. एकाने लिहिलं की एवढ्याशा गाड्यांसाठी इतका खटाटोप कशाला. त्याला मी उत्तर देण्याआधीच पुण्याच्या बाईंनी दिलं, "कारण या गाड्यांत बसणाऱ्यांना विचारायला दुसरी जागा नाही."

ते वाचून मी नणंदेला फोन लावला आणि हसत हसत ते वाक्य तिला वाचून दाखवलं.

प्रस्ताव मंजूर झाला. माझी तिन्ही पानं परत आली. बाईंनी माझी वाक्यं सुधारली होती, आणि खरं सांगते, चांगली सुधारली होती. पण एका वाक्याला त्यांनी हात लावला नव्हता. "हुडको व सेक्टरकडे जाणाऱ्यांनी येथेच उतरावे, पुढे जाऊ नये." शेजारी त्यांची टीप होती, हे असंच राहू द्या, याहून स्पष्ट लिहिता येणार नाही.

त्यानंतर जे झालं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. लहान प्रवासी मार्गांची पानं कशी लावावीत याचा सर्वांसाठीचा नियम लिहिला गेला, आणि त्यात आमचा प्रस्ताव जसाच्या तसा घेतला. चर्चेत लोक त्याला "भिलाई पद्धत" म्हणू लागले. कोकणातल्या कोणीतरी विचारलं, आमच्याकडे भिलाई पद्धत लावायची का? मराठवाड्यातल्या एकाने लिहिलं, लावली, छान बसली. मी ज्या मराठीची लाज बाळगत होते, तिच्यात लिहिलेला नियम महाराष्ट्रातले लोक वापरत होते, आणि त्यावर माझ्या गावाचं नाव होतं. गोंदियाकडच्या मार्गाची पानं लावायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं. "तुम्हीच करा," एवढंच लिहिलं होतं.

नणंद त्या दिवशी बँकेतून तडक हुडकोत आली आणि मला ओढतच मिठाईच्या दुकानात घेऊन गेली. कढईतून गरम जिलबी निघत होती.

"एक किलो," ती म्हणाली.

"कोई खुशखबरी?" दुकानदाराने विचारलं.

"हमारी भाभी का नियम पास हो गया."

"कौन सा नियम?"

नणंदेने त्याला सगळं सांगितलं. स्टेशनं, पाट्या, पुणे, कोकण, काही सोडलं नाही. मागे गिऱ्हाइकं उभी होती, तीही ऐकू लागली. दुकानदाराने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग तराजूत आणखी दोन जिलब्या टाकल्या आणि माझ्याकडे पाहून हात जोडले. आम्ही घरी जाण्याची वाट पाहिली नाही. तिथेच, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, पाक मनगटापर्यंत ओघळेस्तोवर खाल्ली.