टक् वाजलेल्या बारा बरण्या

तर पोस्टमन दारात उभा आणि गप्पमावशीचं बोट ओठांवर, इथवर काल आलो होतो. बिचारा पाकीट हातात धरून पुतळा झाला होता. आत ओट्यावर, टॉवेलवर बरण्या निवत होत्या. आठवं झाकण वाजलं तेव्हा मावशीनं सही केली, तीही पाकिटाकडे न बघता.

त्या बरण्यांत असायचं ॲपल बटर. नावात बटर, पण लोणी औषधालाही नाही. सफरचंदं शिजवायची, चाळणीतून गाळायची आणि साखर-दालचिनी घालून मंद आचेवर तासन्‌तास आटवायची. थंड बशीत चमचाभर टाकून भोवती पाणी सुटलं नाही, की झालं. मग ते गरम बरणीत भरून, झाकण लावून, बरणी पाण्यात उकळायची. बाहेर काढल्यावर निवताना झाकण मधोमध आत ओढलं जातं आणि टक् वाजतं. वाजली ती बरणी वर्षभर टिकणार, न वाजलेली आठवड्यात संपवायची. म्हणून त्या दिवशी घरात कुणी ब्र काढायचा नाही. गणवेशांच्या कारखान्यात मशीनच्या खडखडाटात तीस वर्षं काढूनही मावशीचे कान शाबूत होते.

आटवण्याचं काम मावशीच्या धाकट्या बहिणीचं, बरण्या थोरलीच्या, म्हणजे मावशीच्या, अशी वाटणी वर्षानुवर्षांची. पण गेली दोन वर्षं धाकटीचं डोकं गळक्या घड्यासारखं झालं होतं. थोरली पांघरूण घालायची. नळ वाहता राहिला, "मीच विसरले." चपला फ्रिजमध्ये सापडल्या, "मीच ठेवल्या, उन्हानं तापल्या होत्या."

धाकटीची मुलगी एकदा म्हणाली, "मावशी, गॅस चालू राहिला तोही तूच ठेवलास?"

"हो मग. म्हातारी झालेय की नाही मी?"

"मग दोघींनाही वृद्धाश्रमात ठेवते."

शेवटी ठरलं ते असं: रविवारी भाची येणार. यंदाचं ॲपल बटर आईच्या हातून धड झालं तर आई घरी राहणार, नाहीतर सोमवारी आश्रमात. तिथं जागा धरून ठेवलेली होती.

शनिवारी रात्री मावशीनं धाकटीकडून पुढचा सगळा दिवस पाठ करून घेतला. आणि रविवारी नवलच झालं. हातात कालथा आल्याबरोबर धाकटी आपोआप ताळ्यावर आली. बूड लागू दिलं नाही, आच वेळेवर कमी केली, वर थोरलीलाच टोमणा मारला, "ताई, तू मध्ये मध्ये नाक खुपसू नकोस, शिंकशील." मावशी कित्येक दिवसांनी हसली.

दुपारी बरण्या टॉवेलवर आल्या. दोघी खुर्च्यांवर गप्प बसल्या. मावशीनं बोटांवर मोजलं, बाराच्या बारा वाजल्या. तिच्या जिवात जीव आला. आता भाची केव्हाही आली तरी चालणार होतं. मोठं पातेलं शेजारणीचं होतं, ते घासून परत द्यायला ती गेली. शेजारणीनं पाणी विचारलं, दोन शब्द झाले. उणीपुरी दहा मिनिटं.

परत आली तर भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी. ओट्यापाशी धाकटी, हातात चमचा. चमच्याच्या दांड्यानं तिनं एकेक झाकण उचकटलं होतं, आतून अंगठ्यानं दाबून फुगवलं होतं आणि परत नुसतं वर ठेवलं होतं. बाराव्याशी झटापट चालली होती. अंगठा लाल झालेला.

"ताई, सगळी चेपली होती गं," ती खुशीत म्हणाली. "दुकानदारानं फसवलं तुला. मी सरळ केली."

मावशी ओट्यापाशी गेली. "नवी झाकणं आहेत घरात," ती भाचीला म्हणाली. "परत उकळते. तासाभराचं काम. मीच तिला सांगितलं होतं उघडायला."

"मावशी, मी दारात होते. पहिल्या झाकणापासून."

धाकटीनं बारावं झाकण ठेवलं, पदराला हात पुसला आणि मुलीकडे बघून अदबीनं विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

भाचीनं तोंड फिरवलं. ती म्हणाली, "उद्या सकाळी दहाला गाडी सांगू ना?"

मावशी म्हणाली, "तिची बॅग माळ्यावर आहे, माझा हात पोचत नाही, तूच काढ. माझीही काढ, तिच्या स्वेटरांना एक पुरायची नाही."