दर्याला घातलेलं गाऱ्हाणं

लालबागच्या आमच्या चाळीत दौलत परबांशिवाय नारळ फुटत नसे. गणपती असो, पूजा असो, नाहीतर पोरांची क्रिकेटची मॅच, गाऱ्हाणं घालायला परबच हवेत. "बा देवा म्हाराजा!" असा त्यांनी आवाज लावला की देवानंसुद्धा कान टवकारावेत. मागून अख्खी चाळ ओरडायची, "व्हय म्हाराजा!"

मग राहुल गेला. परबांचा थोरला. चाळीतली पोरं देवगडला गेली होती, बरोबर परबही होते. पोरं होडीत बसण्याआधी त्यांनीच किनाऱ्यावर गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांना सुखरूप आण म्हणून. सगळे आले, राहुल तेवढा आला नाही. तेव्हापासून परबांनी गाऱ्हाण्याला तोंड उघडलं नाही. आता ते काम चाळीतलाच अण्णा करतो. रेशनच्या दुकानात नंबर पुकारल्यासारखं करतो, पण बोलणार कोण?

भावाला पाण्यानं नेलं म्हणून धाकटी प्राची हट्टानं पोहायला शिकली. शिकली ती इतकी, की थेट कॅरिबियनमधल्या एका इवल्याशा बेटावर पर्यटकांना कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, चालवायला शिकवायची नोकरी धरली. चाळीला वेस्ट इंडीज म्हणजे फास्ट बोलर, एवढंच ठाऊक! सुट्टी संपवून निघताना ती हमखास म्हणायची, "बाबा, माझ्यासाठी एकदा गाऱ्हाणं घाला ना." परब पेपरात डोकं खुपसायचे. दर्यानं एकदा ऐकलं नव्हतं. पुन्हा मागायचं आणि पुन्हा तेच झालं तर?

यंदा तिनं त्यांनाच तिकडे बोलावलं. सुभद्राबाईंचे गुडघे गेलेले. "तुम्ही जा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि अहो, तिथं तरी तोंड उघडा. पोर केव्हाची मागतेय."

शेवटचा टप्पा होडीचा. परबांनी तो डोळे मिटून काढला.

दुसऱ्या दिवशी प्राची पर्यटकांना घेऊन लांबच्या खडकांकडे निघाली. परबांनी तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून बघितला, मग परत ओढून बघितला. ती हसली. "येते बाबा," म्हणाली आणि कयाक पाण्यात ढकलायला वळली.

आज तिनं मागितलंच नाही. पोरीनं आशा सोडली की काय?

"थांब गो!"

माडाखाली नारळ पडलेले. त्यांनी एक उचलला, चपला काढल्या आणि पाण्याशी जाऊन उभे राहिले. इथला राखणदार देव कोण, कुणाला विचारणार? आवाज आधी फाटला, मग लागला.

"बा देवा म्हाराजा! ह्या बेटाचो राखणदार जो कोण आसशील, तुझा नाव माका म्हायत नाय. पण दर्या सगळो एकच. माझो झील राहुल तुझ्याकडे आसा, त्याका सांभाळ. आणि ह्या माझ्या चेडवाक दिस बुडाच्या आत माघारी धाड रे म्हाराजा!"

पर्यटक बघत राहिले. मागं चाळ नव्हती. प्राची एकटीच, रडत, जीव खाऊन ओरडली, "व्हय म्हाराजा!"

उन्हं कलताना ती परतली, तेव्हा परब तिथंच गुडघाभर पाण्यात उभे होते. तिचा हात घट्ट धरून म्हणाले, "घराक तुझ्या आवशीक फोन लाव. सांग तिका, बापाशीन तोंड उघडल्यान."