शी-काकांनी उघडलेला सोफा

...तर सोफा उलटा झाला आणि शी-काकांनी नाकाला रुमाल लावला, इथवर काल आलो होतो. पण त्या रुमालाचं सांगायचं राहिलंच की. असे पाच रुमाल काका रोज घरून घेऊन निघायचे, चार खिशांत चार आणि पाचवा हत्यारांच्या पिशवीत, सगळे इस्त्री केलेले. जुने सोफे उघडून नवा स्पंज आणि नवं कापड चढवायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. किळस मात्र जन्मापासूनची. लोकांच्या सोफ्यांतून काय काय निघालं नव्हतं त्यांना! कापलेली नखं, चघळून चिकटवलेलं च्युइंगगम, एकदा तर कुणाची कवळी, अख्खी. दर वेळी तोंडातून शब्द एकच, "शी!" नावच पडलं ते. बायको सांगायची, "पहिल्यांदा भेटलो तेव्हा आधी चहाचा कप पुसला, मग माझ्याकडे बघितलं."

आणि अशा माणसाला बोलावणं आलं ते नेमकं कुत्रं असलेल्या घरातून.

घर दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे हॉल. दार उघडलं तसा भोपळ्या काकांच्या अंगावर झेपावला. भोपळ्या म्हणजे चौदा महिन्यांचा लॅब्रॅडॉर. पिल्लू होता तेव्हा गोल गरगरीत, म्हणून हे नाव. आता चांगला तीस किलोचा धोंडा झाला होता. क्षणात काकांच्या काळ्या पँटवर पिवळट केसांचा थर आणि मनगटापासून कोपरापर्यंत कोमट, चिकट लाळ. पहिला रुमाल कामी आला.

"चाटतो फक्त, करत काही नाही," कोपऱ्यातल्या खुर्चीतून डॉक्टरीणबाईंचे सासरे म्हणाले.

"चाटणं म्हणजे काही नाही का, आजोबा?" काका म्हणाले. "शी!"

डॉक्टरीणबाई हातमोजे काढत आत आल्या. "रविवारी जातोय तो, काका. गोदामाच्या राखणदाराला द्यायचं ठरलंय. तिथे फाटकाशी बांधतील. तुम्ही तेवढा सोफा असा करून द्या की वास म्हणून राहायला नको. पेशंट तोंड उघडायच्या आधी नाक दाबतात हो!"

सासऱ्यांनी मान खिडकीकडे फिरवली. बाई दवाखान्यात, मुलगा फिरतीवर. नऊ ते सहा या हॉलमध्ये म्हातारा आणि कुत्रा, दोघंच. रविवारनंतर एकटा म्हातारा.

काकांना त्याचं काही नव्हतं. कुत्रं गेलं तर बरंच, असंच त्यांच्या मनात. नाक चिमटीत धरून ते सोफ्याभोवती फिरू लागले, आणि बाईंचं गाऱ्हाणं मागून चालूच. लॅब्रॅडॉर शांत असतो असं ऐकलं होतं, हा सव्वा वर्षाचा होत आला तरी धिंगाणा. केस उन्हाळ्यात गळतील असं वाटलं होतं, हा बारा महिने गाळतो. कितीही घाला, पोट भरत नाही. साबणाची वडीसुद्धा खाल्ली मेल्याने. वासासाठी आठवड्यातून तीनदा आंघोळ घालते, तर वास आहे तिथेच आणि हा दिवसभर खाजवत बसतो.

"तीनदा?" काका थबकले. "मीही इतक्यांदा करत नाही." मग त्यांनाच ते बोलणं आवडलं नाही आणि ते खाली वाकले.

आता, काका शाळेत चौथीच्या पुढे गेले नव्हते, पण फाटलेलं कापड त्यांना वाचता यायचं. दात येणारं पिल्लू सोफ्याचे कोपरे कुरतडतं, लाकूड दिसेपर्यंत. कंटाळलेलं कुत्रं सगळीकडून फाडतं आणि स्पंजाचा भुगा घरभर करतं. इथे चारही कोपरे शाबूत होते. फाटलं होतं एकाच जागी, उजव्या हाताजवळच्या फटीत, आणि तेही दातांनी नाही. नखांनी उकरलेलं होतं, विहीर खणावी तसं.

"इथे बसतं कोण?" काकांनी विचारलं.

"बाबा बसतात. बसायचे, म्हणजे. आता वास येतो म्हणतात, म्हणून त्या खुर्चीत."

काकांनी सोफा उलटा केला, खालच्या कापडाच्या पिना उपसल्या आणि कात्री चालवली. वास असा आला की दुसरा, तिसरा आणि चौथा रुमाल एकदमच लागले. भोपळ्या आनंदाने वेडा झाला. शेपटीच्या फटक्याने टेबलावरची फुलदाणी खाली, आणि नाक थेट काकांच्या बगलेतून आत.

आतून घरंगळत आली उकडलेली अंडी. अर्धी अर्धी. काही हिरवी, काही काळी, एकदोन दगडासारखी, आणि काही इतकी बुळबुळीत की काकांनी डोळेच मिटले. त्यांना चिकटलेल्या गोळ्या, पांढऱ्या आणि गुलाबी, निम्म्या विरघळलेल्या.

"शी! शी! शी!" काका तीन पावलं मागे सरले. तीनदा शी त्यांनी कवळीलासुद्धा केली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी नव्याने हातमोजे चढवले, एक गुलाबी गोळी उचलली, उजेडात धरली आणि सासऱ्यांकडे वळल्या.

"बाबा, ही तुमची ब्लडप्रेशरची गोळी आहे."

"असेल."

"आणि अंडी?"

"तू रोज समोर उभी राहून खायला लावतेस, सूनबाई. अर्धं खाईपर्यंत माझा घसा बंद होतो." म्हातारा खुर्चीच्या हाताला घट्ट धरून होता. "तू दवाखान्यात वळलीस की फटीत सारायचो. वाटलं, हा खाऊन टाकेल. आतपर्यंत याचं नाक पोहोचतं, तोंड पोहोचत नाही, हे मला काय ठाऊक?"

"त्याने गोळ्या खाल्ल्या असत्या म्हणजे? मेला असता तो!"

"ते मागाहून लक्षात आलं, म्हणूनच गप्प होतो. राखणदाराकडे निदान जगेल तरी, म्हटलं." त्यांनी नाक ओढलं. "सांगणार होतो. रविवारच्या आत सांगणारच होतो."

भोपळ्याने डोकं त्यांच्या मांडीवर टाकलं. लुंगीवर लाळेचा डाग पसरत गेला आणि म्हातारा त्याचे कान चोळत राहिला. काकांना ते बघवेना. त्यांनी पिशवीतला पाचवा, शेवटचा रुमाल काढला, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि म्हाताऱ्याला दिला. नाक पुसायला. परत घेणार नाही हेही बजावलं.

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. राखणदाराला म्हणाल्या, "कुत्रा नाही देत आम्ही. नाही, विचार नाही बदलला, वास सापडला." मग फोन ठेवून काकांसमोर उभ्या राहिल्या. एवढी शिकलेली बाई, पण चेहरा परीक्षेत बसलेल्या मुलीसारखा.

"काका, खरं सांगा. हे पिल्लू आणायच्या आधी आम्ही काय बघायला हवं होतं?"

शी-काका कोपर झटकत म्हणाले, "बाई, लोकांच्या दाढांत अडकलेलं तुम्ही आरसा घालून काढता ना? मग हा नाक खुपसून उकरत होता तिथे एकदा हात घालायचा होता, आणि याला आणायच्या आधी सासऱ्यांना विचारायचं होतं अंडं आवडतं का ते. कापड धुता येईल असं लावून देतो, आंघोळ महिन्यातून एकदा घाला. आणि आता याला बाजूला घ्या हो, माझे रुमाल संपले. शी!"