आप्पांना नको असलेला पासवर्ड

आमच्या शहापूरच्या गल्लीत विरजण मागायला आलेल्याला कुणी रिकाम्या हाताने पाठवत नाही. माझे वडील, म्हणजे आप्पा, वायफायचा पासवर्डही त्याच हाताने वाटत. विरजण तरी दिवेलागणीनंतर देत नाहीत; पासवर्ड मात्र अष्टौप्रहर. विणकामाच्या मागावरून उठून आलेला शेजारी, समोरच्या काकू, त्यांच्याकडचे पाहुणे, सगळे कट्ट्यावर बसून आमचंच नेट वापरायचे. मला त्याचं कौतुकच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मी घरूनच समुपदेशन करते. लॅपटॉपसमोर मी बसते आणि पलीकडे कुणीतरी, बहुतेक एखादी बाई, घरात बोलता येत नाही ते बोलते. निपाणीकडची एक बाई शेतातल्या खोपीत बसून व्हिडिओ कॉल करायची. कितीतरी आठवडे ती नुसतं हवापाण्यावर बोलली. अखेर एकदा नवऱ्याचा विषय काढला, आणि माझ्या मागचा टीव्ही आपोआप सुरू झाला. गल्लीतला कुणीतरी मोबाईलवरचं भजन आपल्या टीव्हीवर लावायला गेला आणि ते आमच्या टीव्हीवर आलं. तिला ऐकू आला तो फक्त पुरुषाचा आवाज. तिने कॉल कट केला.

तिचं बोलणं कुणीही ऐकलं नव्हतं. पण हे तिला कळवणार कसं? तिचा मोबाईल नवऱ्याच्याही हातात जायचा, निरोप पाठवायची सोय नव्हती. मी आधी स्वतःवर चिडले, मग आप्पांवर. दुसरं जास्त सोपं होतं.

नवा राऊटर घ्यायचं ठरवलं. दुकानदार चार शिंगांचा एक डबा पुढे करून स्पीड सांगत राहिला. मला स्पीड नको होता. सुरक्षेची अपडेट किती वर्षं येतील? कंपनीकडे खातं न उघडता चालेल का? बाहेरच्यांचं नेट वेगळं ठेवता येईल का, म्हणजे आमची यंत्रं त्यांना दिसणारच नाहीत? मुलीचं स्थळ बघताना विचारतात तसे प्रश्न ऐकून तो वैतागला, पण शेवटी फळीवरून एक साधासा डबा काढून दिला.

घरी येऊन आधी त्याचा कंपनीने घातलेला पासवर्ड बदलला. मग दोन नेटवर्कं केली. एक गल्लीला, टीव्हीसकट; तो टीव्हीही माझ्या कामाच्या खोलीतून बाहेर नेला. दुसरं फक्त माझ्या कामाला. गल्लीचं नेट तोडायचा विचार आला होता, पण कट्टा ओस पडला असता तर आप्पांना करमलं नसतं.

घरात एकाला तरी ठाऊक असावा म्हणून कामाचा पासवर्ड आप्पांना सांगायला गेले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मला सांगू नगंस, पोरी. कुणी मागितला तर माझ्याच्यानं न्हाय म्हणवत न्हाय."

माझा उरलासुरला राग तिथेच गेला. स्वतःला इतकं नेमकं ओळखणं मला अजून जमलेलं नाही.

बऱ्याच दिवसांनी त्या बाईचा कॉल आला. आधी तिने माझ्या पाठीमागे निरखून बघितलं. मग म्हणाली, "आक्का, तिकडं कोण न्हाय न्हवं?"

मी लॅपटॉप उचलून तिला सगळी खोली दाखवली, लावलेली कडीसुद्धा. तिने मोबाईल जवळ घेतला, पदर बाजूला सारला आणि मानेवरचे वळ दाखवले.