न आलेल्या कॉलचा रीडबॅक

आधीच सांगतो, माझा या प्रकारांवर काडीचा विश्वास नव्हता. असले अनुभव मी वाचायचो ते हसायला... आणि आज स्वतःच लिहायला बसलोय. हसा खुशाल.

मी पायलट. राहतो बेटावर, बहरीनला. एवढं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नारळाची झाडं आणि झोपाळे येतात. अहो, इथल्या रिफा शहरातल्या आमच्या खिडकीतून दिसतो तो पार्किंगचा रखरखाट आणि सहा व्हिलांच्या मधला एक सामायिक स्विमिंग पूल. बस.

आमच्या धंद्यात एक सवय अंगात मुरते. कंट्रोलकडून आलेली सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची — रीडबॅक. समोरचा "करेक्ट" म्हणाला की विषय खलास. घरीही माझं तेच. बायकोने, मृणालने, सामान सांगितलं की मी "कोथिंबीर एक, दही दोन" म्हणतो आणि ती कपाळावर हात मारते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी स्टँडबायवर होतो, म्हणजे घरी थांबायचं आणि बोलावलं की पळायचं. सकाळी कॉल आला, दुपारी अडीचला रिपोर्टिंग. इकडे मृणाल तापाने फणफणलेली, गोळी घेऊन वर पडलेली. सहा वर्षांची इरा खाली कार्टून बघत होती. दोघींना असं टाकून जायला मन होत नव्हतं, पण करता काय?

दीडच्या सुमारास टाय बांधताना फोन वाजला. शांत, सरावलेला पुरुषी आवाज. "कॅप्टन, स्टँड डाउन." म्हणजे ड्यूटी रद्द, यायची गरज नाही. मी रीडबॅक दिला. "करेक्ट," तो म्हणाला. कोण बोलतंय, हे मी विचारलंच नाही. भाषा आमचीच होती ना!

युनिफॉर्म उतरवला, जरा आडवा झालो, मग चहा टाकायला उठलो. आधण येईपर्यंत सहज खिडकीबाहेर पाहिलं... पूलच्या कडेला इराची एक चप्पल. एकच.

कसा धावलो, आठवत नाही. ती पाण्याखाली होती. बाहेर काढली, पालथी केली, पाठीवर थापट्या मारत राहिलो... शेवटी खोकली, पाणी ओकली आणि रडत म्हणाली, "बाबा, आय ओन्ली वॉन्टेड माय बॉल." मी तिथेच तापलेल्या फरशीवर बसून हमसाहमशी रडलो.

तिला टॉवेलात गुंडाळून आत आणतोय, तोच क्रू कंट्रोलचा, म्हणजे आमच्या ड्यूट्या लावणाऱ्यांचा, फोन. "कॅप्टन, कहाँ हैं आप? रिपोर्टिंग टाइम हो गया."

"अरे, आपने ही तो स्टँड डाउन किया!"

"नो, कॅप्टन. किसी ने कॉल नहीं किया."

त्यांचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. त्यात तो नाही. माझ्या फोनमध्ये सकाळचा कॉल आहे, हा नंतरचा आहे... मधला मफी, इथल्या अरबीत सांगायचं तर नाहीच.

भास झाला म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. पण मृणालने मला बोलताना ऐकलं होतं.

"रिंग ऐकलीस?" मी विचारलं.

"रिंग नाही रे. तूच बोलत होतास. 'स्टँडिंग डाउन, रिमेनिंग ॲट होम टिल फोर्टीन थर्टी.'"

अडीचपर्यंत घरी! हे शब्द मी उच्चारल्याचं मला अजिबात आठवत नाही. आणि इराला बाहेर काढलं तेव्हा अडीचला जेमतेम पाच-सहा मिनिटं कमी होती.

चीफ पायलटसमोर मी सरळ खोटं बोललो. रोस्टर चुकीचं वाचलं म्हणालो, मुकाट्याने वॉर्निंग लेटर घेतलं. नसलेला आवाज ऐकणाऱ्या माणसाच्या हातात विमान कोण देईल? म्हणूनच इथे माझं नाव लिहीत नाही, या दोघींचीही बदललीत.

आई म्हणते, कुलदेवतेने राखलं. मृणाल विषय निघाला की उठून जाते. पूलला कुंपण झालंय, दाराला वर कडी बसवलीय, तरी विमान सुटण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाकायच्या आधी मी कॉल लिस्ट पुन्हा एकदा बघतो. इराला पुन्हा काही होणार असेल आणि मी वर असेन... तर तो माणूस मला सांगणार कसा?